फ्लीस: घ्यावं कसं, घालावं कधी, काढावं केव्हा

हे मार्गदर्शन कोणासाठी आहे ते आधी सांगितलेलं बरं. पावसाळ्यात राजमाची, हिवाळ्यात हरिश्चंद्रगड आणि उन्हाळ्यात 'यंदा हिमालय करायचाच' अशी चर्चा, असा ज्यांचा वार्षिक कार्यक्रम असतो आणि यंदा ज्यांनी चर्चेच्या भरात केदारकंठाचं डिसेंबरअखेरचं बुकिंग खरोखरच करून टाकलं आहे, अशा होतकरू मंडळींसाठी ते आहे. पैसे परत मिळायची मुदत उलटली की ट्रेकवाल्यांकडून सामानाची यादी येते. टॉर्च, पाण्याची बाटली, गॉगल अशा ओळखीच्या वस्तूंमध्ये एक ओळ असते: 'फ्लीस – १ नग'. आपण ग्रुपवर अंगठा दाखवतो आणि मग हळूच फोनमध्ये फ्लीस म्हणजे काय ते शोधू लागतो. तिथून पुढे पैसे वाया घालवण्याच्या अनेक वाटा फुटतात. त्या इथे पायरीपायरीने दाखवल्या आहेत.

पायरी पहिली: घरातल्या थंडीतज्ज्ञांचा सल्ला घ्या, नाहीतर तो मिळणारच आहे

प्रत्येक मराठी घराण्यात नोकरीनिमित्त दिल्लीला दोन हिवाळे काढलेले एक काका असतात. हिमालयाचं नाव निघालं की ते खुर्चीत सरसावून बसतात. "तिकडची थंडी कोरडी रे. आपल्याकडे कशी हाडात शिरते, तशी नाही." काकांचे दोन्ही हिवाळे हीटरच्या शेजारी गेलेले असतात, हे काकू आतून सांगतात. काकांचा सल्ला दोन कलमी असतो: माकडटोपी आणि शर्टाच्या आत वर्तमानपत्र. वर्तमानपत्राला हसू नका. पहाटे स्कूटर चालवणाऱ्याच्या छातीवरचा वारा ते खरोखर अडवतं. फक्त डोंगर चढताना त्याचा घामाने लगदा होतो आणि अग्रलेख पोटावर उमटतो.

आईकडे मात्र पुरावा असतो. माळ्यावरची ट्रंक खाली येते, डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरतो आणि आजीने विणलेला, हातात धरला की हात खाली जाईल असा स्वेटर बाहेर निघतो. "हे काय वाईट आहे? अस्सल लोकर आहे. त्या प्लास्टिकला कशाला पैसे घालतोस?"

इथे नवशिक्याने वाद घालू नये, कारण आईची बाजू भक्कम आहे. जॉर्ज मॅलरी १९२४ साली एव्हरेस्टवर गेला तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे एकावर एक थर होते आणि सगळ्यांवर गॅबर्डिनचा कोट. १९९९ मध्ये त्याचा मृतदेह सापडला, कपड्यांचे तुकडे अभ्यासले गेले, आणि तसेच कपडे नव्याने शिवून २००६ मध्ये एव्हरेस्टवर घालूनही पाहिले गेले. ते चांगलेच उबदार आणि सुटसुटीत निघाले. तेनसिंग आणि हिलरी १९५३ साली शिखरावर पोचले तेव्हाही फ्लीस जन्माला यायचं होतं. आपल्याकडचा धनगर तर दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी डोक्यावर घेऊन अख्खा पावसाळा माळावर काढत आला आहे. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही.

मग फ्लीस कशाला? तर आजीचा स्वेटर एकदा खरंच भिजला की वाळायला दोन दिवस आणि कडक ऊन मागतो. डिसेंबरात केदारकंठाच्या वाटेवर यांतलं काहीच मिळत नाही. शिवाय त्याचं वजन. तेव्हा तडजोड अशी: सॅक खेचरावर पाठवणार असाल तर स्वेटर न्या, तंबूत रात्री घाला, त्यात फोटो काढून आईला पाठवा. स्वतःच्या पाठीवर न्यायचं असेल तर पुढची पायरी.

पायरी दुसरी: आपण काय विकत घेतोय ते जाणून घ्या

आईने प्लास्टिक म्हटलं ते अगदी बरोबर आहे. फ्लीस म्हणजे पॉलिएस्टर, आणि पाण्याची बाटली ज्या पदार्थाची असते तोच हा पदार्थ. १९९३ पासून पॅटागोनिया या अमेरिकन कंपनीने वापरलेल्या बाटल्यांपासून फ्लीस बनवायला सुरुवात केली. तेव्हा गडावर लोक ज्या बाटल्या फेकून येतात त्याच पुढेमागे जॅकेट होऊन गडावर परत येऊ शकतात.

करणी साधी आहे. पॉलिएस्टरच्या धाग्याचं कापड विणतात, मग तारांच्या ब्रशांनी त्याचे फासे ओढून वर काढतात आणि वरून सारखे कातरतात. उरते ती मऊ लव. या लवेत हवा अडकून बसते. ऊब असते ती त्या अडकलेल्या, न हलणाऱ्या हवेत. म्हणजे आपण पैसे मोजतो ते मुख्यतः हवेचे. हे वाचून दुकानदाराशी भांडू नये.

ही लव पहिल्यांदा निघाली मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावच्या माल्डन मिल्स या कापडगिरणीत, १९८०च्या आसपास. हाच तो काळ, जेव्हा आपल्या गिरणगावात १९८२च्या संपाची तयारी होत होती. त्या गिरणीचं पुढे जे झालं ते परळ-लालबागच्या माणसाला खरं वाटणार नाही. ११ डिसेंबर १९९५ च्या रात्री तिथे प्रचंड आग लागली. मालक आरन फ्युअरस्टीन सत्तरीचा होता. विम्याचे पैसे घेऊन घरी बसावं, किंवा स्वस्त मजुरीच्या देशात नवी गिरणी काढावी, असा सरळ हिशेब समोर होता. त्याने गिरणी तिथेच पुन्हा बांधायला घेतली आणि काम बंद असतानाही कित्येक आठवडे कामगारांचे पगार चालू ठेवले. त्याचा जयजयकार झाला. कर्जाच्या ओझ्याखाली कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढे त्याच्या हातातूनही गेली, ही उत्तरपूजा फारशी कोणी सांगत नाही. पोलारटेक हे नाव एखाद्या महागड्या जॅकेटच्या लेबलावर दिसलं, तर ते त्या गिरणीतून निघालेलं आहे एवढं ध्यानात ठेवा आणि किंमत पाहून शांतपणे जॅकेट परत ठेवा.

पायरी तिसरी: आकडे

फ्लीसवर १००, २००, ३०० असे आकडे असतात. नवशिक्याला वाटतं, १०० म्हणजे पास, २०० म्हणजे फर्स्ट क्लास आणि ३०० म्हणजे बोर्डात. म्हणून तो ३००चं घेतो. प्रत्यक्षात हे आकडे एका चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये सांगतात, बाकी काही नाही. १००चं पातळ, चालताना अंगात राहू शकणारं. २००चं मध्यम. ३००चं एवढं जाड, की ते घालून चढण चढणारा माणूस दहा मिनिटांत स्वतःच्याच वाफेत उकडून निघतो.

आणि इथेच या सगळ्या मार्गदर्शनाची मेख आहे. सांगितली तर नवशिक्या रागावतो, कारण त्याने थंडीची भीती मनात धरून पैसे बाजूला काढलेले असतात. ट्रेकला थंडी वाजते ती मुख्यतः घामाने. चढताना शरीर भट्टीसारखं तापतं. कपडे जास्त असले की घाम आत साचतो. मग आपण पाणी प्यायला थांबतो, वारा लागतो, घाम उडू लागतो आणि जाता जाता अंगातली उष्णता घेऊन जातो. दात वाजू लागतात. मग माणूस म्हणतो, जॅकेट पातळ पडलं. पातळ नसतं पडलं. जाड पडलेलं असतं.

म्हणून आतल्या कपड्याचा विचार आधी. ट्रेकचं नाव आणि साल छापलेला तो आपला लाडका सुती टी-शर्ट घरी ठेवा. साध्या हवेतसुद्धा सूत वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरून बसतं. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. सुती बनियनवर पाच हजारांचं फ्लीस चढवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. आत थर्मल किंवा घाम टिपणारा टी-शर्ट, मध्ये फ्लीस, वरून वारा अडवणारं जॅकेट. हा मधला थर एकटा फिरायला निघाला की त्याची अब्रू जाते. फ्लीसमधून वारा आरपार जातो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की दरवर्षी बातमी येते आणि लोक नुसतं फ्लीस चढवून पहाटे ते बघायला धावतात. तिथे कुडकुडत उभं राहून ते कंपनीला शिव्या देतात. कंपनीचा काही दोष नाही. वरून साधं वीतभर घडी होणारं विंडचीटर घातलं असतं तरी भागलं असतं.

मग घ्यायचं कोणतं? एकच परवडणार असेल तर २००चं, समोर पूर्ण चेन असलेलं. पण माझं मत विचाराल तर १००ची दोन घ्यावीत. एकावर एक घालता येतात, एक काढता येतं, एक भिजलं तर दुसरं असतं. केदारकंठाला याशिवाय तंबूपाशी बसायला भरलेलं जॅकेट लागतंच, पिसांचं असो की पॉलिएस्टरच्या भरावाचं. तीन हजार आठशे मीटरचं शिखर, पारा रात्री शून्याच्या बराच खाली. तिथे फ्लीस एकटं हमी देत नाही. ३००चं हवंच असेल तर घ्या. बाल्कनीत चहा पिताना फार छान वाटतं.

पायरी चौथी: दुकानात

दुकानं दोन जातींची असतात. एक डेकॅथलॉनसारखी, जिथे वस्तू रांगेने टांगलेल्या असतात आणि कोणी काही बोलत नाही. दुसरी हिवाळ्यात शहरोशहरी फुटपाथला लागणारी तिबेटी स्वेटरवाल्यांची, जिथला बराचसा माल लुधियान्याहून आलेला असतो. तिथे बाई मराठीतच भाव सांगते आणि आपण उगाच हिंदीत घासाघीस करतो. दोन्हीकडे चांगलं फ्लीस मिळू शकतं आणि दोन्हीकडे फसता येतं. आतून कृत्रिम लोकर लावलेलं गुबगुबीत जॅकेट हातात आलं की ते सोडवत नाही. ते डोंगरासाठी नाही. सॅकमध्ये त्याने अर्धी जागा खाल्ली की मग रेनकोट हातात धरून चालावं लागतं.

पारख करायची ती अशी. आधी आतलं लेबल वाचा. शंभर टक्के पॉलिएस्टर, किंवा थोडं इलॅस्टेन, इथवर ठीक. 'कॉटन ब्लेंड' दिसलं की हँगर परत लावा. मग कापड ट्यूबलाइटपुढे ताणून धरा. सगळीकडे सारखं दिसलं पाहिजे. मध्येच पातळ पट्टे दिसले तर लव नीट कातरलेली नाही. चिमटीत धरून अंगठ्याने वीस-पंचवीस वेळा घासा. तेवढ्यात गोळे वळू लागले तर पहिल्या धुण्यात काय होईल ते कळलं. दुकानातल्या पोराने विचारलं, "सर, काय करताय?" तर उत्तर देऊ नये, घासत राहावं.

आता तोंडाने कापडावर फुंकर मारा आणि मागे हात धरा. फुंकर जवळजवळ लागली नाही तर त्यात वारारोधक पडदा असण्याची शक्यता आहे. ऐकायला छान, पण तो पडदा घामाची वाफही अडवतो आणि चढणीवर तीच तर बाहेर जायला हवी असते. काही पातळ फ्लीसला आतून चौकटी-चौकटींची नक्षी असते. ती शोभेसाठी नसते. उंच चौकटी हवा धरतात, मधल्या खोलगट गल्ल्यांमधून घाम निघून जातो आणि कापड घडीला लहान होतं. पैसे थोडे जास्त पडतात, मला ते वसूल वाटतात.

चेन उघडझाप करून पाहा. एका हाताने, आणि जमलं तर हातमोजा घालून. दुकानात हातमोजा मागितला तर विकत घ्यावा लागतो, तेव्हा रुमाल गुंडाळून करा. चेनचा वरचा टोकाचा भाग हनुवटीला टोचत असेल तर चार दिवसांत तिथे ओरखडा उठतो. चांगल्या जॅकेटला त्यावर कापडाची टोपी असते. खिसे बघा: सॅकचा कमरपट्टा ज्या उंचीवर बसतो तिथेच खिसे असतील तर त्यात ठेवलेलं प्रत्येक चॉकलेट सपाट होणार. खांद्यावरची शिवण कुठून जाते तेही पाहा. सॅकच्या पट्ट्याखाली बरोबर मधोमध जाड शिवण आली तर दुसऱ्या दिवशी खांद्याला वळ उमटतो. सगळ्यांत शेवटी दोन्ही हात वर करा, झाडावरची कैरी काढल्यासारखे. पोट उघडं पडलं तर जॅकेट आखूड आहे. हे करताना आरशात स्वतःकडे पाहू नका.

फक्त एक परीक्षा घेऊ नका: घालून दुकानात उभं राहणं. ऑक्टोबरातल्या पुण्यात गोणपाटही उबदार वाटतं.

मापाचा प्रश्न

याला वेगळी पायरी द्यावी लागते, कारण इथे संस्कार आड येतात. आपल्याला लहानपणापासून कपडे वाढत्या अंगाचे घेतलेले आहेत. शाळेचा गणवेश पाचवीत घेतला तो सातवीपर्यंत पुरवला. त्याच न्यायाने पस्तिशीतला गृहस्थ 'एक नंबर मोठंच घेऊ' म्हणतो आणि कमरेखालून गार हवा शिरायला ऐसपैस दार ठेवतो. फ्लीस अंगालगत हवं. आत एक थर्मल मावेल आणि वरचं जॅकेट त्याच्यावर न ओढाताण करता बंद होईल, एवढंच सैल. म्हणून दुकानात जाताना तो आतला आणि तो बाहेरचा थर बरोबर न्या. ऐन उन्हात पिशवीत थर्मल घेऊन फिरताना वेडं वाटतं, पण मधल्या थराचं माप घ्यायची दुसरी रीत नाही.

रंगाबद्दल: काळा घेतला तर मळ दिसत नाही आणि बर्फातल्या फोटोत तुम्हीही दिसत नाही. निळा घेतला तर ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी तोच घेतलेला असतो, त्याच दुकानातून, त्याच सेलमध्ये. मग पहाटे अडीचला शिखराकडे निघताना अंधाऱ्या तंबूत चार सारखी फ्लीस एकमेकांत मिसळतात आणि 'एल'वाला 'एस'मध्ये कोंबला जातो. कॉलरच्या आत मार्करने नाव लिहा, लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं. रंग मग कोणताही चालेल.

पायरी सहावी (पाचवी मापात गेली): घालणं आणि काढणं

केदारकंठाची वाट सुरू होते ते सांकरी हे गाव उत्तरकाशी जिल्ह्यात, साधारण १९५० मीटरवर. डेहराडूनहून दिवसभर जीपमध्ये बसून तिथे पोचायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बाहेर येतात ते अंगावर होतं नव्हतं ते सगळं चढवून: थर्मल, फ्लीस, भरलेलं जॅकेट, वर विंडचीटर, मफलर, कानटोपी. फक्त डोळे दिसतात. स्थानिक गाइड म्हणतो, "जॅकेट निकाल दो, गर्मी लगेगी." सगळे हसतात. आपली मंडळी म्हणतात, ह्याला सवय आहे.

पुढची पंधरा मिनिटं बघण्यासारखी असतात. पहिल्या वळणावर मफलर सुटतो. दुसऱ्या वळणावर चेन खाली येते. देवदारांत शिरून चढ लागला की एकेक जण वाटेच्या कडेला थांबून सॅक उघडतो, तिचं तोंड उघडं ठेवून कपडे कोंबतो, आणि सॅक बंद होत नाही. पण आता फार उशीर झालेला असतो. पाठीशी, सॅक टेकते तिथे, फ्लीसवर ओल्या चट्ट्याचा नकाशा उमटलेला असतो. जुडा का तालावच्या मुक्कामाला पोचून ते ओलं कापड अंगावर तसंच ठेवून चहा घेतला जातो, आणि रात्री आठ वाजता पहिली शिंक येते.

नियम एकच आणि तो फार अप्रिय आहे: निघताना थंडी वाजली पाहिजे. मस्त उबदार वाटत असेल तर एक थर जास्त आहे, तो आत्ताच काढा. दहा मिनिटं चालल्यावर शरीर बाकीचं बघून घेतं. अर्ध्या तासाने लीडरला हक्काने थांबवा आणि थर कमी-जास्त करा. लाज वाटते म्हणून घाम गाळत राहणारेच पुढे तंबूत क्रोसिन मागत फिरतात. आणि उलट बाजूने: थांबलात की फ्लीस लगेच घाला. थंडी वाजायची वाट बघू नका, घाम सुकायचीही नाही. थांबलो, सॅक उतरवली, आधी अंगावर चढवलं, मग पाणी, मग फोटो. म्हणून फ्लीस सॅकमध्ये सगळ्यांत वर ठेवावं. बहुतेकांच्या सॅकमध्ये सगळ्यांत वर फरसाण असतं.

शिखराच्या रात्री सगळं जग उलटं होतं. अडीच-तीनला निघायचं, चाल सावकाश, वारा कड्यावर मोकळा. तेव्हा फ्लीस अंगात ठेवूनच चालावं लागतं आणि वरचं वाराबंद जॅकेटही. तिथे चेन कामाला येते. चढ उभा आला की ती छातीपर्यंत खाली, सपाटीला वर. पूर्ण चेन घ्या असं वर सांगितलं ते याचसाठी. डोक्यातून काढायचं फ्लीस हे अंधारात, हेडटॉर्च आणि कानटोपीसकट काढून बघा एकदा.

झोपताना: दिवसा घामेजलेलं फ्लीस घालून स्लीपिंग बॅगेत शिरू नका. कोरडं असेल ते अंगात, आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे बॅगेत पायाशी. सकाळी गोठलेलं थर्मल अंगात चढवताना जो आवाज तोंडातून निघतो तो शेजारच्या तंबूला ऐकवायची गरज राहत नाही.

सह्याद्रीत एवढा बडेजाव लागत नाही. हजार मीटर वर गेलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते. १६४६ मीटरच्या कळसूबाईवर त्याचा हिशेब मांडून बघा. पण डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री गार हवा जड होऊन खाली उतरते आणि दरीतल्या गावात साचते, त्यामुळे कित्येकदा गडावरच्यापेक्षा पायथ्याच्या गावातच जास्त हुडहुडी भरते. निफाडला पारा किती घसरला याची बातमी उगाच येत नाही. तरी इकडच्या डोंगरांना १००चं एक फ्लीस आणि एक विंडचीटर पुरतं. उरलेली थंडी पिठलं-भाकरी आणि रात्रभर चालणाऱ्या गप्पांनी भागते.

शेकोटीबद्दल एक परिच्छेद

फ्लीस घालून शेकोटीला चिकटून बसू नका. पॉलिएस्टर वितळतं. लाकूड तडकून उडालेली एक ठिणगी लवेवर पडली की क्षणात आरपार जाते आणि मागे एक छोटंसं गोल भोक उरतं, ज्याची कडा काळी, कडक आणि बोटाला काचेसारखी लागते. ते शिवता येत नाही. सुई त्या कडेतून जात नाही. जुन्या ट्रेकरच्या फ्लीसवर अशी पाच-सहा भोकं असतात आणि तो ती पदकांसारखी मिरवतो. शेकायचंच असेल तर वरून सुती शर्ट किंवा चादर ओढा. त्या एका प्रसंगी सुताला माफी आहे.

धुणं: इथे फ्लीस खरं मरतं

डोंगरात फ्लीस सहसा मरत नाही. ते परत आल्यावर, घरी, सोमवारी सकाळी मरतं. सगळे मळके कपडे एकत्र गरम पाण्यात, जीन्सच्या बटणांबरोबर, भरपूर पावडर आणि वर सुगंधी सॉफ्टनरचं झाकणभर. बाहेर येतं तेव्हा वास छान असतो आणि लव आडवी झालेली असते. सॉफ्टनरचा थर प्रत्येक तंतूवर बसतो, मग कापड घाम टिपून बाहेर टाकायचं काम सोडून देतं. त्यावर कोणीतरी प्रेमाने इस्त्री फिरवतं. लव चपटी होऊन चकाकते, आणि इस्त्री जास्त तापलेली असली तर त्रिकोणी ठसा कायमचा.

गार पाणी, सौम्य साबण, उलटं करून, थोड्याच कपड्यांबरोबर. पिळू नका, सावलीत टांगा; पॉलिएस्टर पाणी धरत नाही, त्यामुळे ते एरवीही लवकर वाळतं. आणि दर ट्रेकनंतर धुवायलाच हवं असंही नाही. यात आळशीपणापलीकडचंही कारण आहे. प्रत्येक धुण्यात या लवेचे बारीक तंतू तुटून पाण्याबरोबर गटारात जातात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कपड्यातून एका धुण्यात १९०० हून जास्त तंतू सुटल्याचं आढळलं होतं. गाळणीच्या नजरेतूनही सुटणारं हे प्लास्टिक शेवटी समुद्रात पोचतं. म्हणजे बाटलीचं जॅकेट झालं आणि जॅकेटचं पुन्हा पाण्यात प्लास्टिक झालं. यावर घरी करता येण्यासारखा उपाय कमी धुणं हाच आहे. वास येत असेल तर रात्रभर गच्चीत टांगा. शेजारी विचारतील.

शेवटची पायरी: उसनवारी

तुमच्याकडे फ्लीस आहे ही बातमी सोसायटीत आठ दिवसांत पसरते. मग मनालीला हनिमूनला निघालेला भाचा, वैष्णोदेवीला जाणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या काकू, ऑफिसातला लेहला निघालेला मित्र, असे एकेक जण येतात. "चारच दिवसांसाठी पाहिजे रे, मग पडूनच राहील." नाही म्हणता येत नाही. तेव्हा १००ची दोन घ्या म्हटलं होतं त्यातलं जुनं, शेकोटीच्या भोकांचं पुढे करा. भोकं पाहून निम्मे लोक परत जातात. उरलेल्यांना द्यायला हरकत नाही, फक्त देण्याआधी विचारून घ्या, तुमच्याकडे कपडे कोण धुतं.